मधली मोकळी जागा

चौकातून जाणारी माणसं त्या एका जागेवर पाय ठेवत नव्हती, आणि ठेवू नका असं त्यांना कोणी सांगितलेलंही नव्हतं.

अमरावतीतल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात हा चौक उभा राहिला होता. उद्घाटन व्हायचं होतं, पण कुंपणाचे पत्रे निघाले त्या सकाळपासूनच लोकांनी आतून ये-जा सुरू केली. दोन्ही अंगांना समोरासमोर बसायचे लांब ओटे, त्यांवर उतरतं कौलारू छप्पर, मधून रुंद उघडी वाट. त्या वाटेच्या साधारण मध्यावर एखाद्या घराच्या अंगणाएवढा तुकडा होता. दिसायला तो बाकीच्या फरशीसारखाच. पण बोलत बोलत आलेला माणूस तिथं पोचला की किंचित डावीकडे झुकायचा, वळसा घालायचा आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायचा. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया वळसा घालत होत्या, मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली पोरं वळसा घालत होती. कुत्री तेवढी मधून जात होती.

जमुना दारसिंबे ओट्यावर बसून हे पाहत होती. चौकाची रचना तिची होती. शेजारी तिचा सहकारी निनाद वैराळे द्रोणातला गिला वडा खात बसला होता. ज्या यंत्रणेवर हा चौक उभा होता ती निनादची.

“कुत्र्यांचं काही करता येणार नाही,” तो म्हणाला. “आपलं सगळं गणित दोन पायांचं आहे.”

जमुना हसली. बऱ्याच दिवसांनी तिला आपल्या कामाचा निवांत आनंद झाला होता.

निनादच्या यंत्रणेचं नाव होतं ‘वहिवाट’. गावोगाव इंटरनेटसाठी जमिनीखालून काचेची तार गेली, तेव्हा त्या तारेचा आणखी एक उपयोग आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. तारेतून प्रकाशाचा ठोका सोडला की त्याचा अगदी बारीक अंश काचेतल्या सूक्ष्म उणिवांवर आपटून माघारी येतो. वर जमिनीवरून कोणी चाललं तर तार नखभरही नाही, केसाच्या जाडीच्या कितीतरी छोट्या हिश्शाएवढी ताणली जाते, आणि माघारी येणारा प्रकाश तेवढा बदलतो. तारेचा प्रत्येक हातभर तुकडा अशा रीतीनं एक कान होतो. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कान आधीच वापरले होते. निनादनं ते माणसांच्या पावलांना लावले. कॅमेरा नाही, चेहरा नाही, नाव नाही, फक्त पावलं. डोक्यावर हंडा असलेल्या बाईची टाच जड पडते, म्हाताऱ्याच्या दोन पावलांमध्ये काठीचा ठोका येतो, मुलं चालतच नाहीत, पळतात. एखाद्या गावाची पावलं वर्षभर ऐकली की वहिवाटीला कळायचं, हे लोक कुठं रेंगाळतात, कुणाच्या दारात थांबतात, कुठून वाट वाकडी करून जातात.

पुढची पायरी ते सगळं शहराच्या फरशीत उतरवायची. डोक्याला जाणवणार नाही पण पायाला कळेल एवढा उतार, दगडाचा जरासा खरखरीत पोत, सावलीची कड, पावलाचा आवाज गिळणारा खालचा थर. एवढ्या सामग्रीवर अनोळखी माणसं बेलढाण्याच्या माणसांसारखी चालू लागली होती.

बेलढाणा हे मेळघाटातलं जमुनाचं गाव. कोरकूंचं गाव म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, आणि मध्ये दोन बैलगाड्या सहज एकमेकींना ओलांडतील एवढा रस्ता. जमुना त्या रस्त्यावर रांगली, आश्रमशाळेत शिकली, तिथून नागपूरला आणि पुढं आर्किटेक्ट झाली. कॉलेजात असताना तिला एका गोष्टीची चीड होती. शहराला आदिवासी संस्कृती दाखवायची लहर आली की उड्डाणपुलाच्या खांबांवर पांढऱ्या रंगात नाचणारी त्रिकोणी माणसं काढली जायची. तीसुद्धा अशा शहरांत, जिथून वारली समाज शेकडो मैल दूर राहतो. भिंतीवर चित्र काढण्यापेक्षा जगण्याची पद्धत शहरात आणता येईल का, असं ती तेव्हापासून विचारत होती. निनादची वहिवाट भेटली आणि तिला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. गाव कुठलं घ्यायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा बेलढाण्याचं नाव तिनंच सुचवलं. ती स्वतः मात्र तिकडे गेली नाही. तार गावात होतीच. निनादची माणसं जाऊन यंत्र जोडून आली.

एक नियम तिनंच आग्रहानं घालून घेतला होता. कुणाच्या घराशी कोण थांबतं हे बाहेर कळता कामा नये. त्यामुळे वहिवाट नकाशा देताना घरांची अदलाबदल करायची, रांगा उलटसुलट करायची. कुठलं अंगण कुणाचं, हे निनादलाही दिसत नसे.

त्या पहिल्या नकाशात ती मोकळी जागा होती. रस्त्याच्या एका बाजूचं एक अंगण आणि त्याच्या पुढ्यातला तुकडा, जिथं वर्षभरात पाऊल पडलेलं नव्हतं. चौकाच्या आराखड्यासाठी झालेल्या स्पर्धेच्या सादरीकरणात परीक्षकांपैकी एकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. हे काय आहे? जमुनाला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला एक क्षण पुरला असता. तो तिनं जाऊ दिला. “आमच्यात रिकाम्या जागेला मान असतो,” ती म्हणाली. “गावाच्या मध्यात थोडी जागा कुणाचीच नसलेली ठेवतात. देवाचीही नाही, माणसाचीही नाही.” बोलता बोलता तिला स्वतःलाच ते पटत गेलं. परीक्षकांनी माना डोलावल्या. ‘आमच्यात’ हा शब्द उच्चारला की पुढचं कुणी तपासत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

तेच वाक्य पुढं पितळी पाटीवर कोरून चौकाच्या तोंडाशी लागलं. मोकळी जागा रस्त्याच्या कडेची होती, ती रचनेत मध्यावर आली.

उद्घाटनाला एक अट होती. हा चौक नमुना धरून आणखी काही शहरांत तसेच चौक व्हायचे होते, पण त्याआधी बेलढाण्याच्या वडीलधाऱ्यांनी येऊन पाहावं आणि हो म्हणावं. ही अटही जमुनानंच लिहवून घेतली होती, आणि तिचा तिला अभिमान होता. म्हणून तिनं बाबूलाल काकांना फोन केला.

काका तिच्या वडिलांचे, आबांचे, धाकटे भाऊ. आई जमुना लहान असतानाच गेली होती. आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. त्यांना माती देऊन ती दोन दिवस राहिली आणि परतली, कारण एका कामाची शेवटची तारीख होती. निघताना काका म्हणाले होते, होळी झाली की ये, झाड बघायचं आहे. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाची सिडोली होईपर्यंत तो वाटेतच असतो. सिडोलीला सागाच्या लाकडाचा मुंडा करतात, त्यावर चंद्र-सूर्य आणि घोड्यावरचा माणूस कोरतात, आणि गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली बाकीच्या पूर्वजांच्या मुंड्यांशेजारी तो उभा करतात. मग माणूस आपल्या लोकांत जाऊन बसतो. बेलढाण्यात मुंड्याचं झाड मेलेल्याच्या मुलानं किंवा मुलीनं दाखवायचं असतं, पहिला घावही त्यांनीच घालायचा असतो. होळी झाली, पुढची झाली. एका वर्षी जमुनानं पैसे पाठवले आणि फोनवर म्हणाली, काका, माझ्यासाठी थांबू नका, तुम्ही करून टाका. काका “हं” म्हणाले. तो हुंकार म्हणजे काम झालं, असं तिनं धरून चाललं. नीट विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच बहुधा तिनं विचारलं नाही.

या वेळीही काकांनी येतो म्हणून सांगितलं. तुझी काकीपण येईल, म्हणाले. मग थोडं थांबून, “आणि तू?”

“उद्घाटन झालं की लगेच येते, काका.”

“हं,” काका म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी गावाची जीप वेळेच्या आधी आली. काका, सुकाय काकी, गावाचा भूमका म्हणजे देवाधर्माचं पाहणारा, आणि बरोबर चार-पाच जाणती माणसं. काकांनी नवा पांढरा सदरा घातला होता. त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. काकीनं जमुनाच्या गालावरून हात फिरवला आणि वाळलीस म्हणाली. मुख्य पाहुणे मुंबईहून आले होते, उंच, मृदू बोलणारे. त्यांनी गावच्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. भाषणं आटोपती घेण्यात आली आणि ठरल्याप्रमाणे गावची मंडळी सर्वांत पुढं, त्यांच्यामागे पाहुणे, मागे कॅमेरे, असे सगळे चौकात शिरले.

सुरुवात छान झाली. भूमकानं ओट्याची उंची हातानं मापली आणि बसून पाहिलं. काकी समोरच्या ओट्यावर बसली आणि या ओट्यावरच्या माणसाशी न ओरडता बोलता येतं म्हणून तिला गंमत वाटली. अंतर बेलढाण्याच्या रस्त्याएवढंच होतं. “हे तर घरासारखंच केलंस, जमुनी,” ती कोरकूत म्हणाली. जमुनाला वाटलं, आबा असायला हवे होते. तिनं डोळे पुसले. ते फोटोत आलं.

मग मंडळी पुढं निघाली आणि मधल्या जागेशी आली.

काका थांबले. त्यांनी पायांनी जमीन चाचपल्यासारखं केलं, एक पाऊल डावीकडे, एक मागे. त्यांनी काकीकडे पाहिलं. काकीनं डोक्यावरून पदर पुढं ओढला, चपला काढून हातात घेतल्या आणि खाली मान घालून कडेकडेनं वळसा घेतला. तिच्यामागून काका, काकांमागून भूमका, मग बाकीचे, एका ओळीत, कुणीही न बोलता. शहरातली माणसं आठवडाभर वळसा घालत होती, पण बेफिकिरीनं, गप्पा मारत. ही माणसं कुणाच्या तरी समोरून जात होती. कॅमेरे खटाखट वाजले.

जमुनाच्या पाठीवर धपाटा बसला. खरा नाही; पाच-सहा वर्षांची असताना बसलेला. गावात कुणीतरी वारलं होतं आणि ती चेंडूमागे धावत त्यांच्या अंगणातून आरपार गेली होती. आईनं तिला धरून धपाटा घातला होता. म्हातारा अजून दारात बसलाय, दिसत नाही का, असं म्हणाली होती. मुंडा उभा राहीपर्यंत गेलेल्या माणसाचं अंगण त्याचंच. त्याला ओलांडून कुणी जात नाही.

हे तिला माहीत होतं. विसरली होती असंही म्हणता येत नव्हतं. तिनं ते कधी आठवून पाहिलंच नव्हतं.

“अद्भुत,” पाहुणे हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर हेलावलेला होता. “ही तीच प्रथा ना? पाटीवर लिहिलंय ती? रिकाम्या जागेचा मान?”

कॅमेरे तिच्याकडे वळले. निनाद हसून बघत होता. तिच्या वरिष्ठ बघत होत्या.

“हो,” जमुना म्हणाली. “तीच.”

पाहुणे काकीपाशी गेले आणि तिच्या उंचीला वाकून त्यांनी मराठीत विचारलं, “आजी, असंच असतं ना तुमच्या गावात?”

काकीला मराठी चांगली येत होती. बाजाराच्या दिवशी धारणीत ती व्यापाऱ्यांना त्यांच्याच भाषेत गप्प करायची. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग जमुनाकडे पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं.

“पोरगी सांगून राह्यली,” ती म्हणाली, “तं तसंच असन.”

टाळ्या वाजल्या.

मांडवामागे चहाची टेबलं लावली होती. काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बशीत चहा ओतून पीत होती. जमुना तिच्यासमोर उकिडवी बसली. चहा संपल्यावर काकीनं बशी खाली ठेवली.

“कुणाच्या दारातलं आणलंस ते?” तिनं कोरकूत विचारलं.

“मला माहीत नाही, काकी. यंत्र नावं सांगत नाही.”

“यंत्र नाही सांगत, पाय सांगतात. तिथून वळसा घेतला की आधी जमीन जरा खाली जाते, मग एक टेंगूळ लागतं, मग सपाट. ते टेंगूळ तुझ्या आबानं घातलेल्या दगडाचं आहे, पावसाचं पाणी अडवायला. मी रोज त्याच्यावरून जाते, हंडा घेऊन.”

जमुना म्हणाली, “पण आबांची सिडोली तर झाली.”

“कुणी केली?”

“मी पैसे पाठवले होते.”

“पैशानं बकरा येतो, मोहाची दारू येते,” काकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “झाड कुणी दाखवायचं? तुझे काका दाखवतील? पोटची पोर जिवंत असताना?”

“मला सांगायचं होतंत.”

“फोनवर? तू पलीकडे कुणाशी तरी दुसरंच बोलत असतेस. काका म्हणायचे, येईल. पुढच्या होळीला येईल.”

मग काकीनं हळूहळू जे सांगितलं ते असं, की सगळं गाव इतकी वर्षं वळसा घालून जात होतं. पावसाळ्यात त्या कडेला चिखल होतो, एकदा भूमकाची सून घसरून पडली, हात मोडला. तरण्या पोरांनी कुरकुर केली, आता पुरे म्हणाले. काकांनी त्यांना गप्प केलं. माझा भाऊ झनक बसलाय दारात, पोरीची वाट बघतोय, त्याला तुडवून जाता का म्हणाले. शाळेची नवी मुलं तर ती जागा तशीच असते असं समजून मोठी झाली.

“मग तिथं सगळ्यांसमोर खरं का नाही बोललीस?” जमुनानं विचारलं.

“तू बोलली नाहीस,” काकी म्हणाली. “मी कशी बोलणार?”

निनादला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो हुशार होता आणि भला होता, पण त्याला आधी कळलं ते यंत्राच्या बाजूनं. वहिवाट चुकलेली नाही, तो म्हणाला. जिथं कुणी पाऊल ठेवत नव्हतं तिथं तिनं तेच दाखवलं. का ठेवत नाहीत, हे पावलांच्या आवाजात नसतं. ते आपण भरलं. ‘आपण’ म्हणून त्यानं मोठेपणा दाखवला. फरशी उचलून नवी घालायची तर सगळा चौकच उखडावा लागेल, कारण उतार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकमेकांत गुंफलेले होते. फरशीचं माणसं ऐकतात, तो विचार करत म्हणाला, पण त्याहून जास्त एकमेकांचं बघतात. समोरून काही लोक सरळ जाताना दिसले तर बाकीचेही हळूहळू जातील. पण आधी कुणीतरी जायला लागेल.

वरिष्ठांनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. पाटी बदलायला हरकत नाही, त्या म्हणाल्या, सवडीनं बदलू. आत्ता लोकांना ती जागा फार भिडली आहे. शेवटी हेही खरंच की, मृत्यूचा मान म्हणा, रिकामेपणाचा मान म्हणा, दोन्हीत फार अंतर नाही. जमुनाला वाटलं, हे वाक्य आपणच लिहिलं असतं.

ती बेलढाण्याला गेली. सुट्टीचा अर्ज न देता, आवरायची कामं तशीच सोडून. गावात शिरताना ती सवयीनं घराकडे सरळ निघाली आणि अंगणाच्या अलीकडे थबकली. ओसरीवर आबांची बाज उभी करून ठेवली होती. अंगणात गवत उगवलं होतं, गुडघाभर. तिनं डावीकडून वळसा घेतला. उतार, टेंगूळ, सपाट. शहरात निनादबरोबर बसून तिनं हे टेंगूळ आकडे बघत बारीक केलं होतं, वृद्धांच्या पायाला लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी भूमका, काका आणि ती जंगलात गेले. तिला साग ओळखता येत होता, पण कुठला दाखवायचा हे कळेना. एकासमोर थांबली की वाटायचं, हा वाकडा आहे. दुसरा कोवळा आहे. काकाही झाडांकडे बघत उभे राहिले, जसं काही तेही पहिल्यांदाच बघत होते. शेवटी तिनं एकाला हात लावला, हे झाड चांगलं म्हणून नव्हे, तर सगळ्यांना उन्हात उभं ठेवल्याचं तिच्यानं सोसवेना म्हणून. भूमकानं तांदूळ टाकले. कुऱ्हाड तिच्या हातात दिली. पहिला घाव निसटला, सालीवरून घसरला. दुसरा बसला.

मुंडा कोरून होईपर्यंत ती गावात राहिली. सुताराला आबांचं काय कोरायचं हे सांगायला तिला बोलावलं. घोड्यावरचा माणूस सगळ्यांचाच असतो, पण खाली एखादी खूण त्या माणसाची घालतात. आबांचं आवडतं काय होतं, असं सुतारानं विचारलं. जमुनानं आठवून पाहिलं आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, मासे. नदीला जाळं टाकायला त्याला बोलावलं नाही तर रुसायचा. सुतारानं एक मासा कोरला.

सिडोलीला गाव जमलं, ढोल-बासरी वाजली, बकरा झाला, रात्र गाण्यात गेली, आणि सकाळी मोहाखाली आईच्या मुंड्याशेजारी आबांचा मुंडा उभा राहिला. ताजं लाकूड बाकीच्या करड्या पडलेल्या मुंड्यांत उठून दिसत होतं. सगळे घरी परतले तेव्हा काकीनं हापशीवर हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि चालत आली. वळसा जिथून सुरू व्हायचा तिथं ती क्षणभर अडखळली. इतक्या वर्षांची पायांची सवय होती. मग तिनं सरळ अंगणातल्या गवतात पाय घातला आणि पलीकडे गेली. तिच्यामागून शाळेची पोरं धावली, ओरडत, पुन्हा पुन्हा, नवीन काहीतरी सापडल्यासारखी. कुणी त्यांना धपाटा घातला नाही.

निघण्यापूर्वी तिनं काकांना दुसऱ्या शहरांचं विचारलं. हो म्हणायचं की नाही, हे गावानं सांगायचं होतं. काकांनी भूमकाशी, बायांशी बोलून घेतलं. बसायचं केलंत ते द्या, ते म्हणाले, ते चांगलं आहे, माणसं एकमेकांची तोंडं बघतील. चालायचं नका देऊ. आम्ही का कुठं वळतो, ते आमचं आम्हाला तरी धड सांगता येतं का.

अमरावतीला परतल्यावर त्या रविवारी सकाळी ती चौकात गेली. गर्दी होती. ओट्यांवर माणसं समोरासमोर बसून बोलत होती. तेवढं जमलं होतं. मधल्या जागेच्या कडेला कुणीतरी झेंडूची माळ ठेवली होती. नारळाची करवंटी होती, दोन उदबत्त्या विझल्या होत्या. एक आई मुलाला वळसा घालून नेत नमस्कार करायला शिकवत होती.

जमुना सरळ चालत गेली. कडेशी आल्यावर तिच्या पायांना डावीकडे ओढ लागली. तिनंच घातलेली ओढ होती, कितीदा तरी तपासून पक्की केलेली. तिनं खाली बघत, मोजून मापून, चालायला शिकणाऱ्या पोरासारखी पावलं टाकली आणि मध्ये पोचली.

“ओ ताई,” ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. हातात वर्तमानपत्र, पायांत पांढरे बूट. “तिथून जात नसतात.”

“का?”

“पवित्र जागा आहे ती, आदिवासी लोकांची. रिकामी ठेवतात. बाहेर पाटीवर लिहिलंय सगळं, वाचा जरा.”

“ती पाटी मी लिहिली, काका. ते खरं नाही. ही माझ्या वडिलांच्या दारातली जागा आहे. मी गावी गेले नाही, म्हणून ती रिकामी राहिली होती.”

आजूबाजूच्या दोन-चार जणांनी माना वळवल्या. गृहस्थांनी चष्मा वर सरकवून तिला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांनी बाकीचं किती ऐकलं कोण जाणे.

“तुम्हीच लिहिली?” ते म्हणाले. “मग तर तुम्हाला कळायला पाहिजे.”

“हो,” जमुना म्हणाली. “पाहिजे होतं.”

ती पलीकडे गेली, वळली आणि पुन्हा मधूनच चालायला लागली. ओट्यांवरची माणसं बोलायची थांबून तिच्याकडे बघत होती.